आत्याचा डबा

निमगाव केतकीला आत्याच्या दारात खुंटीला टांगलेला तो चेपलेला तेलाचा डबा दिसला, की माझी मान आपोआप खाली जाते. मी तळघरातल्या छोट्या क्लबांत टेक्नो, म्हणजे मशीनच्या ठेक्यांचं नाचाचं संगीत, वाजवतो. ज्या ठेक्यावर माझं नाव झालं, तो या डब्याचा.

तो टिपायला आलो, तेव्हा ज्वारी हुरड्यात आली होती. आत्या डबा बडवत, पाखरं हाकत बांधानं फिरायची आणि मी रेकॉर्डर घेऊन तिच्या मागं. ती चालली की आवाज हलायचा, म्हणून मी तिला एका जागी उभं केलं.

“आरं, पाखरं पल्याडच्या कडंला बसत्यात.”

“आत्या, एकदाच. नीट येऊ दे.”

एकदाच म्हणत मी तिला दुपारपर्यंत वाजवायला लावलं. कानाला हेडफोन होता. पत्र्याच्या खणखणाटापुढं मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. मग पलीकडं गेलो, तर त्या कडेची कणसं रिकामी. आत्यानं एक कणीस हातात चोळलं, फुंकलं. भुसाच उडाला.

“आसू दे. तुजं काम झालं न्हवं?”

पुढं लोक विचारायचे, हा आवाज कुठल्या मशीनचा? मी सांगायचो, जुनं मशीन आहे.

परवा पहिल्यांदा तिच्या कानांना हेडफोन लावला. वाटलं, हसेल. ठेका सुरू झाला आणि थकलेली आत्या भिंतीला धरून उठली. रानाकडं बघत तिनं मला विचारलं,

“आता जाऊ का रं तिकडं? पाखरं बसली असत्याल.”