नकाशाची अट

वही उघडायच्या आधी गुरुजी पेनाचं टोपण काढून पेन आपल्यापुढे ठेवायचे आणि म्हणायचे, "वाचा, पण लिहून जा."

तुम्ही कधी आमच्या शहरात गंगेवर अस्थी घेऊन आला असाल तर हा प्रकार तुम्हाला ठाऊक असेल. गाव आणि आडनाव सांगितलं की त्या गावाचे तीर्थोपाध्ये लांबलचक वही काढतात आणि तिच्यात आपल्या पणजोबांची सही निघते. आपण गहिवरतो आणि उठायला लागतो. आमचे गुरुजी मात्र उठू द्यायचे नाहीत. घरात कोण जन्मलं, कोण गेलं, सून कुठली आली, सगळं लिहून झाल्याशिवाय सुटका नाही.

वडिलांच्या अस्थी घेऊन मी एकटीच गेले होते. आमचं मूळ गाव चांदवडजवळचं. मुलगी आहे म्हणून त्यांनी पेन मागे घेतलं नाही. आजोबांच्या अक्षराखाली मी वडिलांचं नाव लिहिलं, मग माझं, आणि तिथेच बसून रडले. त्यांनी मला पोटभर रडू दिलं. मग म्हणाले, "तिथी राहिली तेवढी."

मी इथेच द्वारका चौकाजवळ एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगं काढते. रविवारी सकाळी त्याच ऑफिसात आम्ही सात जण जमून जिल्ह्याचा खुला नकाशा बनवायचो. खुला म्हणजे कोणीही भर घालावी, कोणीही वापरावा असा. कळवणच्या वरच्या अंगाला आमच्या नकाशात रस्ते होते, घरं होती, पण वस्त्यांना नावं नव्हती. सरकारी यादीत गाव सापडतं, गावाबाहेरची वस्ती सापडत नाही. मला गुरुजींच्या वह्या आठवल्या, कारण कळवणकडची गावंही त्यांच्याकडेच होती.

मी जाऊन विचारलं आणि ते आले, कापडी पिशवीत तीन वह्या घेऊन. फोटो काढू देईनात. माणसांची नावं तर वाचेचनात. फक्त वस्त्यांची नावं मोठ्यानं वाचायचे आणि आम्ही ती नकाशात भरायचो. "इथं एक वस्ती नाही हो, दोन आहेत. मधल्या नाल्यावरून त्यांचं वाकडं आहे," असं स्क्रीनवर बोट दाबून सांगायचे. मग कौस्तुभ मुकाट्यानं स्क्रीन पुसायचा. कौस्तुभ म्हणजे आमच्यातला कॉम्प्युटरवाला. सगळा हिवाळा हेच चाललं.

नावं भरून झाली आणि परवान्याचं निघालं. ही यादी लोकांना द्यायची तर कुठल्या अटीवर द्यायची, ते आधी ठरवायला लागतं म्हणे. कौस्तुभनं फळ्यावर दोन चौकोन काढले. पहिला प्रकार म्हणजे घ्या, काय हवं ते करा, फक्त आमचं नाव सांगा. दुसरा म्हणजे घ्या, पण त्यात दुरुस्ती केलीत, भर घातलीत आणि ती लोकांपुढे आणलीत, तर तीही याच अटीवर सगळ्यांना खुली करा. या दुसऱ्याला शेअर-अलाइक म्हणतात. मला वाटलं, समजलं.

तेवढ्यात गुरुजींनी विचारलं, "लग्नपत्रिकेवर हा नकाशा छापला, तर पत्रिकेतले पाहुणेही सगळ्यांचे का?"

"नाही गुरुजी. छापलेलं चित्र वेगळं, त्याच्या मागची यादी वेगळी."

"आणि हॉलवाल्यानं त्या यादीत आपला हॉल घातला तर?"

"तर हॉल द्यावा लागेल. म्हणजे, हॉलची माहिती."

"आणि वऱ्हाड?"

कौस्तुभनं फळा पुसून पुन्हा चौकोन काढले. दीड तासात माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. काही समजलंय असं वाटायचं आणि पुढचा प्रश्न आला की तेही जायचं. बाकीच्यांचे चेहरेही तसेच. एकटे गुरुजी खुशीत होते. "मला हा दुसरा पाहिजे. ही परतीची अट."

त्यांना ती का हवी, हे त्यांनी चहा घेताना सांगितलं. वह्या त्यांच्या एकट्याच्या नव्हत्याच. चार चुलतभावांबरोबर त्या सामाईक होत्या, सांभाळायला फक्त यांच्याकडे. वही बाहेर नेली म्हणून ते चौघं भडकले होते. गुरुजींनी त्यांना शब्द दिला होता, की जो नावं घेईल त्याला नवी नावं परत द्यावी लागतील. हा शब्द मोडला तर भाऊ वह्या घरातून उचलून नेणार होते. चाळीस वर्षं त्यांनी त्या वह्यांना वाळवी लागू दिली नव्हती.

आणि त्याच आठवड्यात फोन आला. कळवणकडे रुग्णवाहिका चालवणाऱ्या एका संस्थेला आमची नावं ड्रायव्हरांच्या मोबाइलमध्ये हवी होती. पण ती यंत्रणा बनवणारी कंपनी म्हणाली, परतीची अट असेल तर नको; आमच्या दुरुस्त्या आम्ही कोणाला देत नसतो. अट काढा, उद्या घेतो.

आम्ही मत घ्यायचं ठरवलं. "मी पक्षकार, मी मत देणार नाही," असं म्हणून गुरुजी बाजूला बसले. तीन हात इकडे झाले, तीन तिकडे. राहिले मी.

खरं सांगते, मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. अट ठेवली तर तिकडे रुग्णवाहिका रस्ता शोधत फिरणार. काढली तर या माणसाच्या वह्या जाणार, आणि आमच्या नावांवरच्या दुरुस्त्या ती कंपनी कुलपात घालणार. मी गुरुजींकडे पाहिलं. माझ्यावर दडपण येऊ नये म्हणून असेल, ते कपातली साय बोटानं बाजूला करत बसले होते. मी अटीच्या बाजूनं हात वर केला. विचार करून नव्हे. त्यांचा पडलेला चेहरा मला बघवला नसता, एवढंच.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "गुरुजी, माझ्या या हातामुळे तिकडे कोणी दगावलं तर?"

ते चप्पल घालत होते. "तुमचं काम तुम्ही केलंत ताई. मोबाइलला अट चालत नाही. ड्रायव्हरला काय हरकत असणार?"

मला अर्थ लागला नाही. पण मंगळवारी ते कळवणच्या एस.टी.त जाऊन बसले. रुग्णवाहिका उभ्या असतात तिथे बाकावर बसून ड्रायव्हरांना एकेक वस्ती तोंडी सांगायची, त्यांच्याकडून ती उतरवून घ्यायची, आणि निघताना त्यांच्याकडून नवं काढून घ्यायचं. कुठला रस्ता वाहून गेला, कुणी नवीन घरं बांधली. रविवारी ते सगळं आमच्या नकाशात यायचं. वय चौऱ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, आणि हा दर मंगळवारचा उद्योग. असं दोन वर्षं चाललं.

मी एकदा चिडून म्हटलं, "काढून टाकू ती अट. कंपनीला फोन करते मी."

"करा की. मग मी मंगळवारी काय करू?"

ते थट्टा करत होते की खरंच विचारत होते, तेही मला कळलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "तुम्ही हात वर केला नसता तरी मी तुम्हाला बोल लावला नसता. रिकाम्या फडताळाकडे बघत बसलो असतो, इतकंच."

गेल्या श्रावणात ते गेले. दुपारचे जेवून पडले, ते उठलेच नाहीत.

मी भेटायला गेले तेव्हा चारही भाऊ सतरंजीवर बसले होते आणि फडताळात वह्या जागच्या जागी होत्या. त्या बघून मला बरं वाटलं, आणि असं बरं वाटल्याची लाजही वाटली. अट बरोबर होती की चूक, हे मला त्या दिवशीही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात पांढऱ्या गणवेशातला एक माणूस दारात आला. कळवणचा रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर.

"बाबा दोन मंगळवार आले नाय, म्हनून इचारलं तर असं कळलं," तो म्हणाला आणि खिशातून शाळेची असते तशी वही काढली. "ही अकरा नावं नवीन हायेत. बाबांना सांगायची व्हती. कोनाकडे देऊ?"

थोरल्या भावानं माझ्याकडे बोट केलं. मी वही घेऊन वाचली. अकरापैकी एकही वस्ती आमच्या नकाशात नव्हती.

चहा नको म्हणून तो निघाला, आणि चपला घालता घालता थांबला. "ताई, मंगळवारी आता कोन येनार?"

मंगळवारी मला ऑफिस असतं. भाऊ माझ्याकडे बघत होते.

"गुरुजी किती वाजता यायचे?" मी विचारलं.

"धाला."

"दहाला येते," मी म्हणाले.