पुलावरची पुढारीण

केनवडहून शिरपूरला जाणारी आमची एसटी गेल्या दिवाळीच्या आधी एका अरुंद पुलावर अडकली. समोरून सोयाबीन भरलेले दोन ट्रॅक्टर आले होते आणि मागे सरायला कुणीच तयार नव्हतं. दर निवडणुकीत मंजूर होणारा नवा पूल अजून झालाच नव्हता. गाडीतल्या एकाने सरपंचाला फोन लावला, दुसऱ्याने आमदारांच्या माणसाला. साहेब मीटिंगमध्ये होते.

तेवढ्यात माझ्या शेजारची बाई उठली. साठीची, काटक. वांग्यांची पाटी तिने न विचारता माझ्या मांडीवर ठेवली, पदर कमरेला खोचला आणि खाली उतरली. पहिल्या ट्रॅक्टरच्या चाकावर थाप मारत म्हणाली, "कायले अडून राह्यला, बापू? तुह्या मांगं जागा हाय. घे मांगं."

बैल वळवावा तसा तिचा हात हळूहळू फिरत होता आणि ट्रॅक्टर त्या हाताबरोबर मागे सरकत होते. आवाज तिने एकदाही चढवला नाही. पाच-सात मिनिटांत पूल मोकळा झाला.

ती वर आली तेव्हा गाडीत टाळ्या पडल्या. मी म्हणालो, "मावशी, आता निवडणुकीला तुम्हीच उभ्या राहा."

तिच्या जागेवर एव्हाना मघाचा एक फोनवाला बसला होता. त्याच्याकडे बघून ती हसली.

"उभीच त हाओ मी, भाऊ. कोणी बसाले जागा देते काय, ते पाहा."

गाडी हसण्यात बुडाली आणि तिघंजण एकदम उठले. पुढारी म्हणावं असं माणूस मला इतक्या वर्षांत तेवढंच भेटलं, आणि मी तिचं नावही विचारलं नाही.