मुजावरबाईंच्या सुरांचे रंग

शिवाजी पेठेतल्या रेहाना मुजावरबाईंच्या गाण्याच्या वर्गात मी पहिल्यांदा पेटीच्या साथीला बसलो, तेव्हा एका मुलीचा सूर घसरला आणि मी तो पेटीनं झाकून घेतला. बाईंनी तिथंच थांबवलं. "पावणं, पेटी सोबतीला हाय, पोरीला कडेवर घ्यायला न्हाय." त्या दिवसापासून मी त्यांचा झालो तो झालोच.

याच बाईंनी सत्तरी ओलांडल्यावर वर्गात व्हीआरचे चष्मे आणले. शाहूपुरीत संगणकाचं काम करणाऱ्या त्यांच्या जुन्या शिष्येनं प्रोग्राम बनवला होता. चष्मा लावून गायलं की भोवती सुरांचे दिवे लागत. सा केशरी, कोमल गंधार निळा. रागांच्या थाटांचे सूर पाठ करताना रडकुंडीला येणारी मुलं आता बोट दाखवून सूर सांगू लागली. तरी पेठेत थट्टा व्हायचीच. एक बुजुर्ग गवई तर म्हणत, बाईंनी गाण्याचा सिनेमा केला. बाईंनी त्या सगळ्यांनाच प्रात्यक्षिकाला बोलावलं आणि फसलं तर हे शिकवणं बंद करीन, असंही सांगून बसल्या!

नेमकी त्या दिवशी गाणारी सानिका सर्दीनं आवाज बसवून आली. एरवी वर्गातल्या सगळ्यांसारखी तीही पेटीच्या काळी चार या पट्टीत गाते. मी तिला खालचा, काळी तीनचा सा दिला. तिनं तो लावला आणि लोकांना दिसावं म्हणून लावलेल्या पडद्यावर केशरीऐवजी कोमल निषादाचा जांभळा पेटला. पुढं सगळेच रंग चुकत गेले. लोक हसले. सानिका मध्येच थांबली.

सर्दीवर ढकलता आलं असतं, यंत्रावरही. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी हाय. मी रंग पेटीच्या एकाच पट्टीला बांधलं. सा हलला की सगळे सूर त्याच्यासंगं हलत्यात. रंग सा-च्या नात्याला बांधायला पायजे हुतं."

मग त्यांनी सानिकाचा चष्मा काढला आणि तिला डोळे मिटून गायला सांगितलं. गंधारापाशी तिचा हात आपोआप उजवीकडे उचलला गेला, रोज निळा दिवा लागायचा तिकडं. सूर चोख होता. अभिमानानं माझा ऊर भरून आला, आज लिहितानाही येतोय. कार्यक्रमानंतर सानिकाला सुंठीचा काढा बाईंनीच करून पाजला. ते बुजुर्ग पुढच्या आठवड्यात वर्गात आले आणि मुकाट चष्मा लावून बसले.

आता प्रोग्राम सुधारलाय. कुठलाही सा घ्या, रंग तिथूनच उलगडतात. पंचाहत्तरीत बाईंचा स्वतःचा सा जरा खाली आलाय. परवा त्यांनी चष्मा लावून गायलं, तर पहिला दिवा केशरीच लागला. बाई, पट्टी हवी तेवढी उतरू दे. तुम्ही ठणठणीत राहा, शंभरीपर्यंत रोज सा लावा. तो केशरीच दिसणार.