मागून म्हणणाऱ्या मुली

त्या दिवशी कोल्हापुरात सकाळपासून गाण्याचे तीन वर्ग घेतले आणि संध्याकाळी जयसिंगपूरच्या मैफलीत यमन गायला बसले. स्वतःचा रियाज महिनाभर झाला नव्हता. आलापाची एक ओळ गायले आणि थांबले. वर्गात मी ओळ म्हणते, मग मुली ती मागून म्हणतात. तशी मी त्यांची वाट बघत राहिले. तंबोरा वाजत होता. मागून कुणीच म्हणेना, तेव्हा कुठं चूक कळली आणि मी पुढं गायले.

कार्यक्रम संपल्यावर एक आजोबा भेटायला आले. "बाई, मधी थांबलासा ते काळजाला भिडलं बगा," म्हणाले.

त्यांना काय सांगणार, कप्पाळ. मला ना लाज वाटली, ना हसू आलं. कित्येक मैफलींनंतर मिळालेली ती पहिली दाद होती, आणि ती मी गात नव्हते त्या क्षणाला होती.