चाल पहिल्या आवाजाकडे

अन्वी आणि कबीर, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी मेथी निवडताना गुणगुणत होते, तर तुम्ही दोघं हसलात. "आजी, तुझ्या गाण्याला चालच नाही!" चाल आहे. फक्त ती माझ्याकडे नाही. कुणाकडे होती ते आताच सांगून ठेवते, कारण हे सांगू शकणारी आता दोनच माणसं उरलीत, आणि दुसरं माणूस फोनवर "हां, बोला" याच्यापुढे जात नाही.

तुमच्या आजोबांचे एक मित्र भिवपुरीच्या वीजकेंद्रात नोकरीला होते. त्यांच्याइतका कानाचा हट्टी माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसेल. शिट्टी चढी लागते म्हणून त्यांनी शेजाऱ्यांना कुकर बदलायला लावला होता. आमच्या दाराची बेल बेसूर, म्हणून ते फाटकातूनच हाक मारत. मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. दिवेलागणीला म्हणायचं एक फार प्राचीन स्तोत्र त्यांनी मराठीत आणलं आणि त्याला चार आवाजांत नवीकोरी चाल बांधली, तीही वीजकेंद्रातल्या यंत्रांच्या घुमण्यावर. क्वार्टर्समध्ये ते घुमणं रात्रंदिवस ऐकू येई. बाकीच्यांचं डोकं उठायचं, यांना त्यात तंबोरा सापडला. पेटीसुद्धा त्यांनी त्याच सुराला जुळवून घेतली, त्यामुळे ती जगातल्या दुसऱ्या कुठल्याच वाद्याशी जुळेना. "मग हे भिवपुरीबाहेर गाणार कसं?" आजोबांनी विचारलं. "बाहेर कशाला गायचं?" ते म्हणाले.

गायला माणसं नव्हती, म्हणून आम्हालाच धरलं. पहिला आवाज, म्हणजे खरी चाल, त्यांच्या पत्नीकडे, एकटीकडे. दुसरा माझा. तिसरा ते स्वतः आणि आजोबा. सगळ्यात खालच्या चौथ्या आवाजासाठी त्यांनी दूध घालायला येणारे दामूभाऊ निवडले. शेजारच्याच गावात त्यांची भातशेती. "मला गानं येत नाय, सायेब. बैलाला हाकायचा एकच सूर हाय माजा."

"तेवढाच द्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच धरायचा."

"त्ये जमंल," दामूभाऊंची बायको म्हणाली. "घरात पन एकच धरून बसत्यात!"

तालमीत कागदाला बंदी. मला सगळं लिहून ठेवायची सवय, तर माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली. फोन जायचे तांदळाच्या डब्यात. "फोन हातात असला की माणूस ऐकायचं उद्यावर टाकतो," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ज्याला त्याला आपापला आवाज तेवढा पाठ. आणि तालमीला चारही आवाज एकदम कधी जमलेच नाहीत. आजोबांना सर्दी, नाहीतर दामूभाऊंची कापणी. तेवढ्यात आजोबांचे ते मित्र निवृत्त झाले. नाताळ झाला की क्वार्टर सोडायची होती. "एकदा पुरं ऐकू द्या मला," एवढंच ते म्हणत राहिले.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या अंगणात उभे राहिलो. त्यांनी हात वर केला आणि तसाच ठेवला. घुमणं नव्हतं. यंत्रं दुरुस्तीसाठी बंद होती, आणि पेटी सामानाबरोबर टेंपोतून नगरला गेलेली. आजोबांनी अंदाजानं सूर लावला. "तो नव्हे," ते म्हणाले. मी लावला. "तोही नव्हे." त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना.

"मशीन गप झालीय व्हय?" दामूभाऊ म्हणाले. "थांबा जरा." आणि त्यांनी तो सूर लावला. जन्मभर त्या घुमण्याशेजारी नांगर धरलेला माणूस तो. त्या सुरावर आजोबा उभे राहिले, त्यांच्यावर मी, आणि सगळ्यांच्या वर मित्रांच्या पत्नीचा आवाज, एखादी समई लावावी तसा. ते स्वतः गायलेच नाहीत. हात वर ठेवून नुसते ऐकत राहिले. आमचं संपलं तरी खालचा सूर चालूच होता.

"दामूभाऊ, सोडा आता," ते अगदी हळू म्हणाले.

"सोडू? मला वाटलं, अजून हाय."

पुढे ते नवरा-बायको नगरला गेले आणि तिथेच एका वर्षात, मागोमाग, वारले. मग तुमचे आजोबा. दामूभाऊ कर्जतला बाजाराला आले की माझ्या ओसरीवर टेकतात, चहा घेतात आणि न सांगता आपला सूर लावतात. मी त्यावर माझा लावते. पहिला आवाज गेला, तिसराही गेला. दुसरा आणि चौथा अजून आहेत.