कोरडी फरशी

पुंडलिक मिस्त्रीचे गॅरेज औरंगपुऱ्याच्या मागच्या एका अरुंद गल्लीत होते. लासूर स्टेशनजवळच्या कोरडवाहू रानातून तो सतराव्या वर्षी शहरात आला, एका उस्तादाच्या हाताखाली राहिला आणि ‘पहले सुन, फिर खोल’ एवढी एकच शिकवण आयुष्यभर पुरवून वापरली. दुसरा नियम त्याने स्वतःच स्वतःला घालून घेतला होता: जे इंजिनात नाही, ते गिऱ्हाइकाला सांगायचे नाही. या हट्टापायी चाळीस वर्षांत त्याची बरीच गिऱ्हाइके काचेच्या चकचकीत सर्व्हिस सेंटरांकडे गेली. तो त्यांची कीव करी, आणि त्या कीवेत थोडी घमेंडही असे.

२०१६ च्या चैत्रात आप्पासाहेबांनी त्याला बंगल्यावर बोलावले. करमाडच्या बाजूला तेव्हा माणसे टँकरच्या वेळेवर आपला दिवस बेतत होती. आप्पासाहेबही करमाडचेच. त्यांची जमीन कारखान्यांनी गिळली होती आणि त्याचे त्यांना कणभरही दुःख नव्हते. जालना रोडलगत त्यांनी बंगला बांधला, पोर्चमध्ये पांढरा संगमरवर बसवला आणि पोर्च रिकामा दिसतो म्हणून बावन्न सालची एक काळी विलायती मोटार विकत आणली. महिनाभरातच ती त्यांच्या आजोबांची झाली. आजोबांनी हयातीत बैलगाडीपलीकडे काही हाकले नव्हते, हे करमाडात सगळ्यांना ठाऊक होते. परंतु बंगल्यावर येणारे पाहुणे करमाडचे नसत.

अडचण एवढीच, की आजोबांची मोटार गळत होती. रोज सकाळी संगमरवरावर तळहाताएवढे काळे थारोळे साचे. घरकामाला येणारी साळूबाई ते आधी रॉकेलच्या बोळ्याने पुसे आणि मग टँकरचे दोन बादल्या पाणी त्यावर ओती. तिच्या स्वतःच्या वस्तीत दोन बादल्यांवर चार माणसांचा दिवस निघत असे. दीपमालेची, म्हणजे आप्पासाहेबांच्या मुलीची, सोयरीक पुण्याच्या एका घराशी जमत आली होती. आठ दिवसांनी ती मंडळी येणार होती आणि त्यांना स्टेशनवरून याच मोटारीतून आणायचे ठरले होते.

पुंडलिकने तीन दिवस काम केले. इंजिनाखालचे तेलाचे चेंबर उतरवले, त्याच्या वाकड्या कडा सरळ केल्या, कॉर्कचे नवे पॅकिंग हाताने कापून बसवले आणि ताजे तेल भरले. चौथ्या दिवशी सकाळी मोटारीखाली अंथरलेल्या कागदावर फक्त चार थेंब होते. वर्षभरात इतके नेटके काम आपल्या हातून झाले नाही, असे त्याला वाटले. आप्पासाहेबांनी वाकून थेंब मोजले.

“म्हंजी गळतीच की.”

पुंडलिकने समजावले. या जुन्या इंजिनांना मागच्या टोकाला सील नसतेच. फिरणाऱ्या दांड्यावर कोरलेले आटे तेल आत ढकलतात, आणि इंजिन थांबले की राहिलेले दोन-चार थेंब बाहेर येतात. ज्यांनी ती बनवली त्यांनीच तेवढी वाट ठेवली आहे. खाली पत्र्याचा एखादा ट्रे ठेवावा.

“पाव्हण्यांम्होरं ट्रे?” आप्पासाहेब म्हणाले. “ही मोटार हाय का अंथरुणाला खिळलेलं म्हातारं?”

“चौसष्ट वर्षांची हाय, आप्पासाहेब.”

आप्पासाहेबांना त्याच्याकडून एकच वाक्य हवे होते: आता एक थेंबही गळणार नाही. ते वाक्य उच्चारायला पुंडलिकने नकार दिला आणि पाने-पकडी गोळा करून तो निघून आला.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी आप्पासाहेबांचा फोन आला. त्यांचा पुतण्या गोकुळ प्लॉटिंगचे धंदे करी. शेतातून रस्ते आणि रस्त्यांतून पैसे काढण्याचा त्याला सराव होता. त्याने अर्ध्या तासात गळती बंद केली होती.

“चाळीस वर्सं नुसते हातच काळे केलेस व्हय रं, मिस्तरी? फरशी लख्ख हाय.”

“तेल मोजायची पट्टी काढून बघितली का?”

“पट्टी तू बघ. मी फरशी बघतो.”

संध्याकाळी साळूबाई एक कॅन घेऊन गॅरेजात आली. गोकुळभाऊंनी हे फेकून द्यायला सांगितले, पण घरच्या चौकटीला वाळवी लागली आहे, तर लावले तर चालेल का, असे तिने विचारले. पुंडलिकने दोन बोटांत तेल चोळून पाहिले. ते मधाच्या रंगाचे होते, जवळजवळ न वापरलेले; त्याने स्वतः भरलेले. गोकुळने चेंबरचा नट उघडून इंजिन रिकामे केले होते. जिथे तेलच नाही, तिथून गळणार काय?

“लाव,” तो म्हणाला. “दोन हात दे.”

मोटार दुसऱ्या दिवशी नऊला निघणार होती. सांगायला एक फोन पुरेसा होता. पुंडलिकने मोबाइल हातात घेतला आणि परत ठेवला. ज्याला फरशीच बघायची आहे, त्याला पट्टी का दाखवावी? हा विचार त्याला इतका न्याय्य वाटला, की ती फक्त अपमानाची सल आहे हे त्याला ओळखता आले नाही. जे इंजिनात आहे तेही गिऱ्हाइकाला सांगायचे नाही, असा त्याचा नियम कधीच नव्हता.

मोटार स्टेशनपर्यंत गेली. तेलाच्या दाबाचा काटा सारा वेळ शून्यावर होता. त्याच्याकडे बघायची गोकुळला सवय नव्हती. परतताना सिडकोच्या अलीकडे इंजिन खडखडले, किंचाळले आणि जाम झाले. पाहुणे रिक्षांनी बंगल्यावर पोहोचले, पोटभर जेवले आणि सोयरीक पक्की करून गेले.

पुंडलिकच्या कानावर हे आल्यावर तीन दिवस त्याचे कामात मन लागले नाही. चौथ्या दिवशी तो हत्यारांची पेटी घेऊन बंगल्यावर गेला. इंजिन उतरवायचे, दांडा घासायचा, बेअरिंगे नवी ओतून घ्यायची, आणि मजुरी घ्यायची नाही, असे त्याने ठरवले होते. मोटार ढकलत आणून पोर्चमध्ये उभी केलेली होती. ती पुसून लख्ख केली होती. तिच्याखालचा संगमरवर कोरडा होता.

“उघडू नगंस,” आप्पासाहेब म्हणाले. ते खुशीत होते. “तिला आता कुठं जायचंय? उभी ऱ्हाते, झ्याक दिसते.”

“आप्पासाहेब, तेल काढलंय हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाय.”

शिवी येईल, निदान हाकलून तरी देतील, या अपेक्षेने तो उभा राहिला. आप्पासाहेब हसले.

“बरं केलंस. सांगितलं असतंस तर परत तेल घालावं लागलं असतं.”

पुंडलिकने मग एवढेच मागितले, की निदान दोन लिटर तेल तरी आत ओतू द्यावे. नाहीतर लोखंड आतून गंजेल.

“गळंल की,” आप्पासाहेब म्हणाले.

त्याने आग्रह धरला नाही. पेटी उचलली आणि संगमरवरावर पाय उमटू नयेत म्हणून कडेकडेने चालत तो फाटकाबाहेर पडला.