मूर्तीच्या गळ्यावरचं भोक

यवतमाळच्या आमच्या मातीकामाच्या वर्गात कपाटाखाली फुटक्या मूर्तींचा ढीग आहे. दरवर्षी म्हणतो, टाकून देऊ. टाकवत नाही. किस्स्यांचंही तेच झालंय बघा. एक सांगायला घेतला की खालचे चार घसरतात.

*

पांढरकवड्याच्या एका पोरानं हत्ती केला. आतून पोकळ, बाहेरून बंद. मी ओरडलो, "अरे, कुठंतरी भोक ठेव. भट्टीत आतली हवा तापली की सगळं फुटते."

"पण सर, हत्तीले भोक कुठं ठेवू?"

"देवानं ठेवलं तिथंच ठेव की!"

पोरगं लाजलं, ठेवलंच नाही. भट्टी उघडली तर हत्तीचा चुरा, अन् शेजारचे गणपतीही गेले. तेव्हापासून कुणी काहीही केलं की पोरं आधी विचारतात, "भोक ठेवलं का बे?"

*

मागच्या वर्षी प्रदर्शनाला विषय दिला, 'कलेची चिवटता'. एकानं भिंत फोडून उगवलेला पिंपळ केला. दुसऱ्यानंही पिंपळ. तिसऱ्यानंही. मी म्हटलं, "प्रदर्शन भरवायचं की नर्सरी?"

राळेगावकडची प्रणाली तेवढी वेगळं करत होती. गाणाऱ्या माणसाचं डोकं अन् गळा. तो तिचा बाप. गावच्या दंडारीच्या खेळात नाचत-गात बाईचं काम करायचा. बाया म्हणत, "आमच्यापेक्षा यालेच पदर शोभते." तंबाखूच्या खर्ऱ्यानं गळ्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये आवाज गेला. तेव्हापासून श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून.

मूर्तीचं भोकही तिनं गळ्यावरच ठेवलेलं. मी म्हटलं, "मागून ठेव ना, दिसणार नाही तिथं. समोर काहून?"

"बाबाले तिथंच हाये, सर."

मग उगाच भट्टीजवळच्या पोरांवर ओरडलो.

*

प्राचार्य पाहायला आले. म्हणाले, "छान आहे. तेवढं भोक बुजवून घ्या."

प्रणाली म्हणाली, "बुजवलं तं माणूस मरते, सर."

साहेब पिंपळांकडे वळले.

*

तिचे बाबा आता नाहीत. आठवलं की जीव तुटतो, म्हणून हा किस्सा शेवटी ठेवला.

ऑपरेशननंतर ते घराबाहेर पडत नसत. गळ्याभोवतीचा दुपट्टा घरच्यांसमोरही सोडत नसत. प्रणालीनं मूर्तीबद्दल घरी सांगितलंच नव्हतं. म्हणायची, "बाबाले वाटन, पोरीनं मले चारचौघात उघडं पाडलं." पण पोरीचं प्रदर्शन आहे म्हणून आईनं त्यांना एसटीत बसवून आणलंच.

ते मूर्तीसमोर उभे राहिले. प्रणाली माझ्यामागे. हळूच म्हणाली, "सर, कपडा टाकू का त्याच्यावर?"

"थांब," मी म्हटलं.

त्यांनी मूर्तीच्या गळ्यावरच्या भोकावर बोट फिरवलं. मग आपला दुपट्टा सोडला अन् मूर्तीच्या डोक्यावरून पदरासारखा ओढला, चापूनचोपून. कानामागं नीट खोचला.

अन् उघड्या गळ्यानं, कमरेवर हात ठेवून, दंडारीतल्या बाईसारखी मान तिरकी करून मूर्तीच्या शेजारी उभे राहिले. हॉल बंद होईस्तोवर.